टेलला पाणी

निमगाव साव्यात वाढलेल्या पोराला ‘आवर्तन’ आणि ‘टेल’ हे शब्द शिकवावे लागत नाहीत. आमच्या जुन्नर तालुक्यात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे; शेजारच्या आंबेगावात डिंभे. कुकडी प्रकल्पाची ही पाच धरणं. पण धरण जवळ असणं वेगळं आणि आपल्या सरीत पाणी येणं वेगळं. म्हणून तर पाणी टेलकडून हेडकडे द्यायचं, असं म्हणतात. शेवटच्याचं भिजलं की मग वरच्याचं.

मी पुण्यात एका कंपनीचं एमपीएलएस नेटवर्क सांभाळते. तिथंही हेड आणि टेलच निघाले! एरवी सगळा डेटा जवळच्या वाटेनं धावतो. ती तुंबते, दुसरी मोकळी राहते. म्हणून टनेल आखायचा: या वाटेनं जा, एवढी बँडविड्थ राखून ठेव. हेडचा राउटर पुढं विचारणा पाठवतो. होकार टेलकडून उलटा येतो आणि येताना प्रत्येक राउटर आपल्या मागच्याला एक लेबल देतो, २० बिटांचा आकडा. २००१ च्या आरएफसी ३२०९ मध्ये ही सगळी रीत आहे. फक्त ही राखण म्हणजे वहीतली नोंद. पाणी नव्हे.

एका रात्री एका गावच्या दवाखान्याचे एक्स-रे पुण्यातल्या डॉक्टरांपर्यंत पोचेनात. स्क्रीनवर टनेल हिरवागार. वरिष्ठ म्हणाले, “टनेल अप आहे. त्यांच्याकडंच घोळ असणार. तिकीट बंद कर.”

मला चारीवर उभे असलेले आमचे आप्पा आठवले. रजिस्टरात पाणी सुटलेलं, पायाखाली भेगा.

मी एलएसपी पिंग मारला. साधा पिंग दुसऱ्या वाटेनंही पोचू शकतो. हा लेबल लावून त्याच टनेलातून जातो. उत्तर नाही. मग टप्प्याटप्प्यानं तपासलं, तर तिसऱ्या राउटरपाशी सगळं जिरत होतं. राउटरचा एक भाग हिशेब ठेवतो, दुसरा डेटा पुढं ढकलतो. हिशेबात लेबल होतं, ढकलणाऱ्या कार्डाच्या तक्त्यात नव्हतं. शेजारचे राउटर साधारण दर ३० सेकंदांनी एकमेकांकडं नोंद ताजी करत होते, म्हणून सगळं हिरवं. फास्ट रिरूट ५० मिलिसेकंदांच्या आत वाट बदलू शकतो, पण काही तुटल्याचं कळलं तर! इथं तार शाबूत होती.

टनेल दुसऱ्या वाटेवर हलवला. एक्स-रे गेले. कार्ड नंतर रीस्टार्ट केलं.

हिरवा दिवा हेडचा असतो. आता तिकीट बंद करण्याआधी मी टेलच्या माणसाला फोन लावते. एकच विचारते, “आलं का?”