बंद बाटलीतली हवा

ग्लोव्हबॉक्स म्हणजे बाहेरच्या हवेशी संबंध तोडलेली, दर्शनी काचेची पोलादी पेटी. आत आर्गॉन किंवा नायट्रोजन भरलेला असतो आणि काचेत बसवलेल्या जाड ब्यूटाइल रबराच्या हातमोज्यांत हात घालून काम करावे लागते. लिथियम धातूसाठी आर्गॉनच लागतो, कारण साध्या तापमानालाही लिथियमचा नायट्रोजनशी संयोग होऊन लिथियम नायट्राइड बनते. आतला वायू तांब्याच्या उत्प्रेरकावरून आणि मॉलिक्युलर सीव्हवरून सतत फिरवला जातो. तांबे ऑक्सिजन पकडते, सीव्ह बाष्प शोषते. नीट राखलेल्या पेटीत दोन्हींचे प्रमाण 1 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांतील एका भागाच्या खाली असते.

सामान आत जाते ते अँटिचेंबरमधून. दार लावायचे, पंपाने हवा ओढून घ्यायची, आर्गॉन भरायचा, असे तीनदा. दर खेपेला हजारावा हिस्सा हवा उरली, तरी तीन खेपांनंतर ती अब्जावा हिस्सा होते. मात्र हा हिशोब उघड्या भांड्यांचा आहे. घट्ट झाकणाच्या बाटलीतली हवा पंपाला दिसतच नाही.

सुरतच्या एका प्रयोगशाळेत प्रस्तुत लेखक लिथियम बॅटरीच्या नमुन्यांवर काम करत असतानाची जुलैमधली एक सकाळ म्हणूनच आजही सलते. पावसाळ्यात 30 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असली, की हवेत साडेतीन टक्क्यांहून अधिक बाष्प असते. 120 अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर वाळवलेल्या पाच बाटल्या थंड झाल्यावर पुन्हा ओल धरू नयेत, म्हणून लेखकाने त्यांची झाकणे घट्ट आवळली आणि तशाच आत घेतल्या. त्याच सकाळी प्रयोगशाळेतल्या मदतनीस काकांनी आर्गॉनचा सिलिंडर बदलला होता. काका लिंबायतचे, मूळचे खानदेशातले. सिलिंडर जोडला की साबणाचे पाणी लावून प्रत्येक जोड तपासणारे.

दुपारी बाटल्या उघडल्या आणि ऑक्सिजनचा आकडा अर्ध्या पीपीएमवरून विसाच्या आसपास गेला. कापून ठेवलेल्या लिथियमच्या चकत्यांची चकाकी संध्याकाळपर्यंत गेली. नमुने टाकून द्यावे लागले. वरिष्ठांनी कारण विचारले आणि तिथल्या तिथे ठरवलेही: जोड सैल राहिला. काका एवढेच म्हणाले, "साहेब, बुडबुडा आला नव्हता." लेखक शेजारीच उभा होता आणि गप्प राहिला.

खरे कारण ऑक्सिजनच्या आकड्याच्या आलेखात स्पष्ट होते. जोडातून गळती असती, तर आकडा हळूहळू चढून चढलेलाच राहिला असता. इथे तो बाटल्या उघडताच एकदम उसळला आणि शुद्धीकरण चालू असल्यामुळे तासाभरात खाली आला. गणितही तेच सांगते. 20 मिलीलिटरच्या पाच बाटल्यांत 100 मिलीलिटर हवा, म्हणजे 21 मिलीलिटर ऑक्सिजन. एक घनमीटर पेटीत दहा लाख मिलीलिटर वायू मावतो. उत्तर 21 पीपीएम. शिवाय याच बाटल्यांत भरायच्या इलेक्ट्रोलाइटमध्ये लिथियम हेक्झाफ्लुरोफॉस्फेट होते, ज्याचा पाण्याशी संयोग झाल्यावर हायड्रोजन फ्लोराइडसारखा घातक वायू तयार होतो.

म्हणून बाटली आत नेताना झाकण सैल किंवा वेगळे ठेवावे आणि आत गेल्यावरच लावावे. पातळ काच निर्वातात तडकूही शकते, त्यामुळे हा नियम सुरक्षेचाही आहे. टिश्यू पेपर आणि हातमोजेही ओल धरतात. तेही ओव्हनमध्ये किंवा निर्वातात रात्रभर ठेवावेत. आकडा उसळला, तर माणसाला विचारण्याआधी आलेख पाहावा.

नोंदवहीत दोष लिहावा, नाव लिहू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत पुष्कळ वर्षे होते. आता ते तसे राहिलेले नाही. नाव न लिहिल्याने वाचला तो लेखक. काकांचे नाव तर न लिहिताही सर्वांना ठाऊक होते. त्या तारखेपुढे नोंदवहीत "सिलिंडर जोडणीतील दोष" एवढेच लिहिले गेले आणि लेखकाने प्रयोगशाळा सोडली, तेव्हाही ती ओळ तशीच होती.