सोपं इंग्रजी कुठून आणायचं?

गडचिरोलीच्या कुरखेडा-कोरची पट्ट्यातल्या एका हायस्कुलात मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. माझं माहेर ब्रह्मपुरीचं, त्यामुळे झाडीबोली लहानपणापासून कानावरची. इथल्या वर्गात मात्र बोलींची दाटी आहे. कोणाच्या घरी गोंडी, कोणाच्या घरी छत्तीसगढी, बाजारात आणि शाळेच्या ओट्यावर झाडी आणि पुस्तकात पुण्याची मराठी. इंग्रजी या पोरांच्या वाट्याला चौथ्या नंबरावर येते.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी सुरू झाली. म्हणजे नववीत पाय ठेवणारा मुलगा आठ वर्षं इंग्रजी शिकलेला असतो. तरी दरवर्षी जूनमध्ये मी एक साधा उतारा फळ्यावर लिहून वाचायला सांगते, तेव्हा निम्म्याहून जास्त पोरं अक्षर जुळवत बसतात. एक मुलगी गेल्या वर्षी उभी राहून म्हणाली, ‘‘मॅडम, वाचता येते जी, पण समजून नाही राहिलं.’’ ही पोरं हुशार आहेत. हिशेबात पक्की आहेत, जंगलातली पन्नास झाडं पानांवरून ओळखतात, आईबापाबरोबर ग्रामसभेला बसतात. मग अडतं कुठं?

दहावीचं ‘इंग्लिश कुमारभारती’ हे सध्याचं पुस्तक बालभारतीने २०१८ मध्ये काढलं. मला ते पुस्तक आवडतं. त्यात टागोर आहेत, शेक्सपिअर आहे, रस्किन बाँडची चोराची गोष्ट आहे, हवाई दलाच्या अर्जन सिंगांवरचा पाठ आहे. पण वर्षभरात मुलाच्या हाती इंग्रजीचं तेवढं एकच पुस्तक पडतं, आणि मोफत पुस्तकं आठवीपर्यंतच असल्यामुळे नववी-दहावीत तेही कधी थोरल्या बहिणीचं जुनं, पानं सुटलेलं. कोणतीही भाषा एका पुस्तकावर येत नाही. भरपूर वाचावं लागतं, आणि ते भरपूर असायचं तर आधी सोपं असावं लागतं. शहरातल्या मुलाला ते दुकानाच्या पाट्यांवर, टीव्हीवर, शेजारच्या ताईच्या कपाटात सापडतं. आमच्या पोरांना पाठ्यपुस्तक आणि गाईड यांच्या मधलं काहीच मिळत नाही. गाईडमधली उत्तरं पाठ होतात, पेपरात उतरतात, आणि पोरगं पास होऊनही एक वाक्य स्वतःचं लिहू शकत नाही.

मग मी सोपी पुस्तकं शोधायला लागले. प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ हे मोफत भांडार २०१५ पासून आहे. त्यातल्या गोष्टी चार पातळ्यांवर लावलेल्या असतात, आणि त्या छापून वाटायलाही परवानगी आहे. वडशाला (देसाईगंजला) झेरॉक्स काढून मी पहिल्या-दुसऱ्या पातळीच्या गोष्टी वर्गात आणल्या. मुलींनी आवडीने वाचल्या. मागच्या बाकावरच्या मुलांनी मात्र पानं उलटी करून ठेवली. त्यांचं म्हणणं मला रास्त वाटलं. पंधरा वर्षांचं पोरगं, जे पावसाळ्यात बापाबरोबर चिखलणी करतं आणि उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचे पैसे मोजून घेतं, त्याला मांजरीच्या पिल्लाची गोष्ट कशी पुरणार? त्याचं इंग्रजी दुसरीचं असेल, अनुभव मोठ्या माणसाचा आहे. भाषा सोपी आणि विषय त्याच्या वयाचा, असं वाचायला हवं. तसं छापील साहित्य मला बाजारात जवळपास मिळालंच नाही.

तेव्हा पहिल्यांदा घरातलं इंग्रजी गोळा केलं. पोरांना सांगितलं, घरात, शेतात, दुकानात जे काही इंग्रजी छापलेलं दिसेल ते घेऊन या. दुसऱ्या दिवशी युरियाचं रिकामं पोतं आलं, खोकल्याच्या औषधाचं खोकं आलं, आशाताईने दिलेलं ओआरएसचं पाकीट आलं, धानाच्या बियाण्याची पिशवी आली, मोबाइलचा खोका आला. वनविभागाच्या पाटीवरचा मजकूर एकाने वहीत उतरवून आणला. या सगळ्यावर एक गोष्ट ठासून भरलेली असते, आज्ञार्थी वाक्यं. ‘शेक वेल बिफोर यूज’. ‘कीप आउट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन’. ‘स्टोअर इन अ कूल, ड्राय प्लेस’. व्याकरणाच्या पुस्तकातली आज्ञार्थी वाक्यं ज्यांच्या कधी लक्षात राहिली नाहीत, त्यांनी या पाकिटांवरून आपापली वाक्यं तयार केली. एका मुलाने मोह वाळवायच्या सूचना लिहिल्या. चटईवर पसरा, ढग आले तर उचला, बकऱ्यांपासून दूर ठेवा. पाच ओळी, सगळ्या बरोबर. त्या ओळी त्याने घरी नेऊन भिंतीला चिकटवल्या.

खरा रस्ता दाखवला तो हत्तींनी.

२०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगढकडून रानटी हत्तींचा कळप गडचिरोली जिल्ह्यात उतरला आणि पुढची वर्षं धानोरा, कुरखेडा, देसाईगंजच्या जंगलांत फिरत राहिला. हातातोंडाशी आलेला धान तुडवला गेला, घरं पडली, साठवलेले मोह खाण्यासाठी हत्तींनी भिंती फोडल्या. वाघ आमच्या लोकांना माहीत आहे, हत्ती माहीत नव्हता. शाळेत दुसरा विषयच नव्हता. कोणाच्या मामाचं शेत गेलं, कोणी रात्र शाळेच्या खोलीत काढली, कोणी मशाल घेऊन बापाबरोबर उभं राहिलं.

मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, सांगा. एक मुलगा सांगायला लागला, अर्धं गोंडीत, अर्धं झाडीत. वर्ग मिळून त्याचं एकेक वाक्य इंग्रजीत करू लागला, मी फळ्यावर लिहू लागले. ‘द एलिफंट्स केम अ‍ॅट नाइट. अवर डॉग डिड नॉट बार्क. माय फादर पुट आउट द लॅम्प.’ दिवा का विझवला, असं मी विचारलं, तर तीन जणांनी एकदम तीन कारणं दिली आणि त्या तीन कारणांची तीन वाक्यं झाली. तास संपेपर्यंत फळा भरला. मग सगळ्यांनी तो फळा वाचला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, कारण आपल्याच वर्गातल्या पोराच्या घरचं त्यात होतं. जूनमध्ये अक्षर जुळवणारा मुलगा तो फळा सलग वाचत होता. त्यातले पन्नाशीभर शब्द त्याला ऐकून आधीच ठाऊक झालेले होते, अर्थ तर त्याने डोळ्यांनी पाहिलेला होता. वाचायला उरली होती फक्त अक्षरं.

ते सगळं आम्ही कागदावर उतरवलं, चित्रं काढली, वडशाला झेरॉक्स केलं, मधोमध दोन पिना मारल्या. सोळा पानांचं पुस्तक झालं. पुढे प्रत्येकाने आपापली हत्तीची गोष्ट लिहिली. चुका होत्याच. भूतकाळ चुकायचा, ‘अ’ आणि ‘द’ गायब असायचे. छापायच्या आधी मी लेखकाजवळ बसून दुरुस्त करायचे, प्रत्येक दुरुस्ती त्याला पटवून द्यायचे. त्यांच्या नावाने छापलेलं पान चुकीचं असू नये, याबद्दल पोरंच माझ्यापेक्षा काटेकोर झाली.

मुख्य म्हणजे या पुस्तकांमुळे वाचायचं साहित्य वाढायला लागलं. आधीच्या वर्गाने लिहिलेलं पुढचा वर्ग वाचतो. आमच्या कपाटात आता एक फळी या पुस्तकांची आहे. वाघाने ओढून नेलेल्या बैलाची गोष्ट आहे, सती नदीच्या पुरात अडकलेल्या बसची आहे, आश्रमशाळेच्या वसतिगृहातल्या पहिल्या रात्रीची आहे. ही शेवटची एका मुलीने लिहिली. सगळ्या पुस्तकांत सर्वांत जास्त हाताळलेलं पुस्तक तेच.

यावर पालक आणि सहकारी एक प्रश्न हमखास विचारतात, बोर्डाचं काय? प्रश्न चुकीचा नाही. दहावीचा ८० गुणांचा लेखी पेपर आहे आणि आमच्या पोरांसाठी तो उंबरठा आहे. त्यात ‘इन्फर्मेशन ट्रान्सफर’ नावाचा प्रश्न असतो. तक्ता किंवा ओघतक्ता देतात आणि त्यावरून परिच्छेद लिहायचा असतो. सरावाच्या पुस्तकांतले तक्ते कॉफी कशी बनते, कागदाचा पुनर्वापर कसा होतो, असे असतात. मी तेंदूपत्त्याचा ओघतक्ता करायला दिला. मे महिन्यात जे सगळं घर राबतं त्याचा. पहाटे पानं तोडली जातात. घरी आणून सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधले जातात. पुडके फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून दिले जातात, उन्हात वाळत घातले जातात, उलटले जातात. वाळल्यावर पाणी शिंपून ते मऊ केले जातात आणि पोत्यांत भरले जातात. हजार पुडक्यांचं एक प्रमाण पोतं होतं, म्हणजे सत्तर हजार पानं. पाहा, हे सगळं कर्मणी प्रयोगात आहे. ‘द लीव्ह्ज आर प्लक्ड. द बंडल्स आर काउंटेड.’ कर्तरीचं कर्मणी करा, हा प्रश्न पोरं यंत्रासारखा सोडवायची. तेंदूवर लिहिताना त्यांना कर्मणी प्रयोग का लागतो हे कळलं. कोण तोडतं ते सगळ्यांनाच माहीत आहे, सांगायचं आहे ते पानांचं काय होतं. त्यानंतर कॉफीचा तक्ता त्यांनी कोणाला न विचारता लिहिला.

बोर्डाच्या पेपराचा आणखी एक पेच इथं आहे, तो नागपूर-पुण्यात बसून कळत नाही. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि मोहही मार्च-एप्रिलमध्येच गळतो. पहाटे चारला उठून पोरं झाडाखाली जातात, कारण उशीर झाला तर गुरं आणि रानडुकरं फुलं खाऊन टाकतात. त्या पैशांवर घर चालतं, म्हणून जाऊ नका असं मी कधी म्हणत नाही. फेब्रुवारीपासून मी उजळणीचे उतारे आवाजात भरून देते. ज्याच्या घरी मोबाइल आहे तो मोह वेचताना लावतो, बाकीचे ऐकतात. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवर ‘दीक्षा’ या सरकारी ॲपचं साहित्य आहे, पण नेटवर्क नाही. म्हणून बाजाराच्या दिवशी कुरखेड्याला जाऊन मी ते फोनमध्ये उतरवून आणते. एवढं केलं की तेही कामाला येतं.

आता नाटकाचं सांगते, कारण माझ्या मते आमच्या भागाइतकं मोठं इंग्रजीचं साधन दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याकडे नाही. झाडीपट्टी रंगभूमी. दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटांबरोबर (बैलांच्या शर्यती) नाटकं सुरू होतात ती होळीपर्यंत. वडशात मंडळांची कार्यालयं आहेत, रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं, आणि गावात असं एकही घर नसतं जिथे कोणीच संवाद पाठ केलेले नाहीत. याच कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती या रंगभूमीवरच्या कामासाठी.

दहावीच्या पुस्तकात ‘जोन ऑफ आर्क’ हा पाठ आहे, बर्नार्ड शॉच्या ‘सेंट जोन’ नाटकावरून घेतलेला. किल्ल्यावरचा कप्तान रॉबर्ट, त्याचा घाबरट कारभारी, आणि दारात अडून बसलेली एक खेड्यातली पोर, जिला घोडा, चिलखत आणि सैनिक हवेत. हा पाठ मी वाचून शिकवत नाही, बसवते. पोरांनी ठरवून टाकलं की झाडीपट्टीसारखा करायचा. बाजूला प्रॉम्प्टर बसला, पेटी वाजली, कारभारी प्रेक्षकांतून धावत आला. रॉबर्टचं काम करणारा मुलगा वाचनात वर्गात सर्वांत मागे होता. त्याने सगळे संवाद प्रॉम्प्टरकडून ऐकून पाठ केले आणि मग पुस्तक उघडून कोणता संवाद कुठं आहे ते बोट ठेवून शोधलं. आधी कान, मग डोळा. जोन झाली ती गोंड कुटुंबातली, वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलगी. रॉबर्ट ओरडतो तेव्हा ती मागे सरत नाही, असं तिने तालमीत स्वतःच ठरवलं. मंडईच्या दिवशी गावात प्रयोग झाला. आयाबाया, म्हातारे, सगळे बसले होते. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण पोरगी कोणाला काय मागते आहे ते सगळ्यांना कळत होतं. तिच्या आजोबांनी नंतर मला विचारलं, ‘‘मॅडम, तिले घोडा भेटला का जी शेवटी?’’ तिने पुढे येऊन आजोबांना गोंडीत सगळं सांगितलं.

शिक्षक प्रशिक्षणांत आम्हाला इंग्रजी पेटी, कार्डं, व्हिडिओ, ॲप दाखवतात. त्यातलं बरंचसं चांगलं असतं आणि मी ते वापरते. पण माझी मागणी वेगळी आहे. राज्याने दहावीच्या मुलांसाठी सोप्या इंग्रजीतली, त्यांच्या वयाची, दोनशे तरी पातळ पुस्तकं छापावीत, आणि त्यातली निम्मी मुलांनी लिहिलेली असावीत. चंद्रपूरच्या कोळसा खाणीजवळच्या मुलाने, ताडोब्याच्या काठावरच्या मुलीने, चामोर्शीच्या बंगाली वस्तीतल्या, हेमलकशाच्या माडिया पोरांनी लिहिलेली.

तोवर आम्ही आमच्यापुरतं सुरू केलं आहे. सिरोंचा तालुक्यातल्या एका शाळेशी बोलणं झालं आहे. तिकडची पोरं घरी तेलुगू बोलतात, गोदावरी-प्राणहितेच्या काठाला राहतात, आणि त्यांच्या वडधमला डायनासोरच्या काळातले जीवाश्म सापडलेले आहेत. आमच्या वर्गाने हत्तींची तीन पुस्तकं आणि इंग्रजीत लिहिलेली प्रश्नांची यादी त्यांना पाठवली. हाडांना हात लावून पाहिलात का, पूर येतो तेव्हा शाळा किती दिवस बंद असते, तुमच्याकडे नाटक होतं का, मिरचीला भाव काय मिळतो. त्यांची उत्तरं आली आहेत, सात पानं, आणि त्यांनी उलट हत्तींबद्दल एकवीस प्रश्न विचारले आहेत. सोमवारपासून आम्ही त्या उत्तरांना लागलो आहोत.