धातुशोधक यंत्रासह औसा ते नांदेड

मराठवाड्यातील कोणत्याही गावी पारावर घटकाभर बसले, तर जमिनीखालच्या धनाची एक तरी कथा कानी पडते. कोणाच्या वाड्यात मोहरांचा हंडा आहे, कोणाच्या शेतात रझाकारांच्या धामधुमीत पुरलेले दागिने तसेच राहिले आहेत, तर कोणाच्या स्वप्नात धनावर बसलेला नाग येतो. या कथांच्या नादी लागून अनेकांनी भोंदूंच्या पायी घरेदारे घालविली. गुप्तधनासाठी होणाऱ्या अघोरी कृत्यांची दखल महाराष्ट्राच्या २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्यालाही घ्यावी लागली. आता मांत्रिकाच्या जागी एक यंत्र येऊ पाहत आहे. मेटल डिटेक्टर हल्ली बाजारात सहज मिळतो. लातूरला धान्याची अडत करणाऱ्या माझ्या पुतण्याने तो आणला आणि म्हणाला, "काका, पहिल्या खेपेला तुम्ही बरोबर असावे, अशी इच्छा आहे." माघ महिन्यात, तुरी निघून रान मोकळे झाल्यावर, औसा, किल्लारी व कंधार करीत नांदेडला जाण्याचे आम्ही ठरविले.

निघण्यापूर्वी घरी तीन नियम ठरले. यंत्र फक्त स्वतःच्या सातबाऱ्याच्या जमिनीत चालवायचे. किल्ला, लेणी, मंदिर किंवा जुन्या वस्तीचे पांढरीचे रान यांच्या आसपास ते उघडायचेही नाही. आणि खुरप्याने वीतभर खोलीपेक्षा जास्त उकरायचे नाही, उकरलेली माती जागच्या जागी परत लोटायची. पुतण्याच्या आजीने चौथा नियम सांगितला : चातुर्मासात यंत्राला हात लावायचा नाही, कारण ओल्या मातीत पावलोपावली जीव असतात. पृथ्वीकाय जीवांचा विचार करणाऱ्या घरात तो नियम सांगावाही लागत नाही, तरीही तो सांगितला गेला हे बरे झाले.

यंत्र दिसायला साधे आहे. दांड्याच्या टोकाला ताटलीएवढे वेटोळे, मुठीजवळ छोटा पडदा आणि कानाला लावायचा श्रवणसंच. वेटोळ्यातून विजेचा प्रवाह वाहतो, त्यामुळे खालच्या मातीत चुंबकीय क्षेत्र पसरते. त्या क्षेत्रात धातू आला की धातूत लहानसे प्रवाह फिरू लागतात, आणि त्यांची चाहूल वेटोळ्याला लागून कानात आवाज होतो. ही कल्पना नवी नाही. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, तेव्हा टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी अशाच तत्त्वावरच्या उपकरणाने शरीरातील गोळी शोधण्याचा प्रयत्न केला होता. तो सफल झाला नाही. पलंगातील पोलादी तारांनी उपकरणाची फसगत केली, असे सांगितले जाते. धातू आहे एवढेच यंत्र सांगते. तो कोणता, कशाचा आणि कोणाचा, हे ठरविणे माणसाकडेच राहते.

लातूरहून औसा सुमारे वीस किलोमीटर. तेथून थोड्या अंतरावर आमचे वडिलोपार्जित शेत आहे. तेथील काळ्या मातीने यंत्राला पहिल्या क्षणापासून गोंधळात टाकले. दख्खनची ही माती बेसाल्ट खडक झिजून झाली आहे आणि त्या खडकात लोहयुक्त खनिजे भरपूर असतात. त्यामुळे यंत्र मातीलाच धातू समजून ओरडू लागते. वेटोळे जमिनीजवळ वरखाली करून आधी त्याला या मातीची ओळख करून द्यावी लागली. दुसरी अडचण भेगांची. उन्हाळ्यात काळ्या रानाला हातभर खोल भेगा पडतात, वरची वस्तू त्यांतून खाली जाते आणि पावसात माती फुगून तिच्यावर मिटते. नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंतच अशा यंत्राला कळते. म्हणजे काळ्या रानाने जे खोल गिळले, ते त्याने स्वतःपाशीच ठेवले आहे.

तीन तासांत आम्हाला जे मिळाले त्याची यादी पुतण्याने वहीत लिहिली : गंजलेले खिळे सात, बैलाच्या खुराची पत्री एक, फाळाचे मोडके टोक, बाटल्यांची बुचे, गुटख्याच्या चकचकीत पुड्या असंख्य. बांधाजवळच्या बाभळीखाली घुंगुरमाळेतून निसटलेले एक पितळी घुंगरू मिळाले. हलविले तर आत मातीच वाजली. शेवटी तांब्याचे एक नाणे मिळाले. निजामाच्या हैदराबाद संस्थानातील, घासून जवळजवळ सपाट झालेले, कडेला फारसी अक्षरांचे पुसट वळण राहिलेले. १९४८ सालच्या पोलीस ॲक्शनपूर्वी याच हाली सिक्क्यांवर आपल्या वाडवडिलांनी लातूरच्या गंजात व्यवहार केले. नाण्यांच्या बाजारात या तुकड्याला कोणी विचारणार नाही, पण पुतण्याचा चेहरा असा उजळला की जणू हंडाच लागला. त्याने एका पाकिटावर गट नंबर, तारीख आणि खोली लिहिली व नाणे आत ठेवले. मग त्याने विचारले, "काका, हे आपलेच ना?"

वस्तू क्षुल्लक होती, प्रश्न क्षुल्लक नव्हता. याचे उत्तर कायद्यात आहे आणि आपल्या शास्त्रातही आहे. १८७८ सालचा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली, तर सापडणाऱ्याने ती काय आहे, कोठे व केव्हा सापडली, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविले पाहिजे. जाहीर चौकशी होऊन कोणी धनी पुढे आला नाही आणि जागेचा मालक वेगळा असला, तर सर्वसाधारणपणे तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याला व एक चतुर्थांश जागेच्या मालकाला मिळतो. शासनाला वस्तू हवी असेल तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा अधिक देऊन ते ती घेऊ शकते. लपविणाऱ्याचा वाटा जातो आणि त्याला एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. संरक्षित स्मारकांसाठी १९५८ चा केंद्राचा व १९६० चा महाराष्ट्राचा कायदा वेगळा आहे.

शास्त्र त्याच्याही आधीचे आहे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अचौर्याणुव्रत सांगताना केवळ चोरून घेण्याचा विचार केलेला नाही. कोणी ठेवलेले, कोणाचे पडलेले, कोणी विसरलेले परके धन न दिले असता स्वतः घ्यायचे नाही आणि उचलून दुसऱ्यालाही द्यायचे नाही, असे ते सांगतात. ठेवलेले, पडलेले, विसरलेले : यंत्र ज्या ज्या वस्तू शोधते, त्या सर्व या तीन शब्दांत आल्या. तेराव्या शतकातील पंडित आशाधर सागारधर्मामृतात आणखी एक पळवाट बंद करतात. पुरलेल्या धनाला धनी नाही म्हणून ते घ्यावे, असे श्रावकाने मानू नये; ज्या धनाला धनी नाही त्याचा वारस राजा आहे. सहा शतकांनंतर इंग्रजांच्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्याला जे काम दिले, त्याची दिशा आशाधरांच्या विधानाहून फार वेगळी नाही.

औशाहून किल्लारीला गेलो. यंत्र गाडीतच राहिले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी येथील भूमी हादरली. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार झोपलेल्या माणसांवर कोसळला. आपल्या समाजाला ते दिवस विसरता येत नाहीत; भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे बाराशे मुलांना पुण्याला नेऊन त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी उचलली होती. जुन्या घरांत पैसाअडका भिंतीच्या कोनाड्यात किंवा चुलीपाशी पुरून ठेवण्याची रीत होती. जुन्या गावाच्या मातीवर आज झुडपे माजली आहेत. तेथे यंत्र चालविले असते, तर पावलोपावली ते बोलले असते. पण त्या मातीतील प्रत्येक तांब्या, प्रत्येक जोडवे कोणाच्या तरी घरचे आहे, आणि त्या घरातले कोणी ना कोणी आज नव्या गावठाणात राहत आहे. स्मृतिस्तंभापाशी आम्ही णमोकार मंत्र म्हटला. पुतण्याने यंत्राचा विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी अहमदपूर, लोहा करीत आत वळून कंधारला आलो. लातूरचे प्राचीन नाव लट्टलूर. राष्ट्रकूट राजे स्वतःस त्या नगरीचे अधिपती म्हणवून घेत. कंधारही त्यांचेच. येथील विशाल तलाव जगत्तुंग समुद्र या नावाने ओळखला जातो. जगत्तुंग हे तिसऱ्या गोविंदाचे बिरुद. त्याचा पुत्र अमोघवर्ष हा आदिपुराणकार आचार्य जिनसेनांचा शिष्य होता. एका प्रचंड क्षेत्रपालमूर्तीचे भग्न अवशेष कंधारला पाहायला मिळतात. किल्ल्याच्या दारातून आत जाताना पुतण्या म्हणाला, "हे सगळे दगडाचे आहे. यंत्राला यातले काहीच कळले नसते." खरेच होते. लातूरजवळचे तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथील कापड दोन हजार वर्षांपूर्वी भडोच बंदराकडे जात असे, आणि ग्रीक भाषेतील एका नाविक ग्रंथात या नगराचा उल्लेख आहे. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातील प्राचीन वस्तू जमविल्या आणि त्या संग्रहातून तेरचे शासकीय संग्रहालय उभे राहिले. त्यातील हस्तिदंती स्त्रीमूर्तीची तुलना इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीशी केली जाते. हस्तिदंत, भाजलेली माती, शंख, मणी यांपुढे मेटल डिटेक्टर मुका आहे. शिवाय वस्तू जागची उपटली की ती कोणत्या थरात, कशाशेजारी होती हे कायमचे पुसले जाते, आणि इतिहासाला तेच तर हवे असते.

सूर्यास्तापूर्वी नांदेडला पोहोचून पुतण्याच्या मामांकडे भोजन केले. त्यांची पिढीजात सराफी पेढी आहे. नाण्याची हकिगत ऐकून ते म्हणाले, "अरे, यंत्र काय अन् नांगर काय, सापडलेली वस्तू शेवटी आमच्याच पेढीवर येते. आम्ही ती मुशीत घातली की तिचं गावही गेलं अन् धनीही गेला." जुने नाणे किंवा मातीने माखलेला दागिना घेऊन कोणी आला की ते आधी तो कोणाच्या शेतातला हे विचारतात, आणि उत्तर मिळाले नाही तर तहसीलचा रस्ता दाखवितात.

"मग गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी जात असेल, मामा," पुतण्या म्हणाला.

"जातं की. पुष्कळ गेली."

तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत तदाहृतादान म्हणजे चोरीने आणलेली वस्तू घेणे आणि विरुद्धराज्यातिक्रम म्हणजे राज्याच्या नियमाविरुद्ध व्यवहार करणे, हे दोन्ही आहेत. व्रत भंगते ते फक्त शेतात उकरणाऱ्याचे नव्हे, तराजूमागे बसलेल्याचेही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांचा व मूर्तींचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला अशा वस्तू परदेशी पाठविता येत नाहीत. आपल्या समाजात सराफी व भांड्यांचा व्यापार करणारी घरे पुष्कळ आहेत. ही दोन वाक्ये गादीमागच्या भिंतीवर लावण्याजोगी आहेत.

शेतात काही सापडले तर घासून चकचकीत करू नये, वितळवू नये, जागा व तारीख लिहून ठेवावी आणि तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी यांना लेखी कळवावे. यंत्राचा एक निर्दोष उपयोगही आहे. खुरपताना मजूर बाईचे जोडवे तुरीत पडते, कापणीत कोणाची अंगठी जाते, नांगराचा तुटलेला तुकडा बैलाच्या खुरात घुसतो. नांदेडहून परतल्यावर पुतण्याने शेजारच्या गावांत निरोप दिले आहेत : ज्यांचे काही हरवले असेल त्यांनी कळवावे, यंत्र घेऊन येऊ, पैसे नाहीत. पहिला निरोप एका शेतमजूर बाईचा आला आहे. तिच्या मंगळसूत्राची वाटी भुईमुगाच्या रानात गळाली आहे.