सहा आठवड्यांची खामोशी

शिक्षकाचा घसा हीच त्याची रोजीरोटी. सकाळी उर्दूचे तास, नंतर मराठीचे. संध्याकाळी घरी बोलायलासुद्धा आवाज उरत नाही. बी.एड.ला पाठाचं टाचण काढायला शिकवलं, आवाज जपायला मात्र कुणी शिकवलं नाही. म्हणूनच की काय, जेनी लिंड या स्वीडिश गायिकेच्या आयुष्यातला एक प्रसंग मला तिच्या सगळ्या कीर्तीपेक्षा मोठा वाटतो.

जेनीचा जन्म १८२०चा, स्टॉकहोमचा. आई मुलींची शाळा चालवायची. नवव्या वर्षी मुलीचा गळा ओळखला गेला आणि रॉयल थिएटरच्या शाळेत तिची तालीम सुरू झाली. १८३८ मध्ये ती ऑपेरात मुख्य भूमिकेत उभी राहिली; दोनच वर्षांत दरबारी गायिका झाली. ऑपेरा म्हणजे गाण्यातून कथा सांगणारं संगीत नाटक. तेव्हा माइक नव्हता. वाद्यवृंदाच्या वरून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा, तोही प्रयोगामागून प्रयोग. विशीतच तिचा गळा बसला.

१८४१ मध्ये ती पॅरिसला मॅन्युएल गार्सिया या नामवंत उस्तादाकडे गेली. त्याने तिचं गाणं ऐकलं आणि स्पष्ट सांगितलं, की आवाज उरलेला नाही. पण दार बंद केलं नाही. सहा आठवडे गळ्याला पूर्ण विश्रांती दे, मग ये, असं म्हणाला. ती परत आली तेव्हा त्याने श्वास कसा घ्यायचा, स्वर कसा लावायचा इथपासून धडे सुरू केले. १८४२ मध्ये ती स्टॉकहोमच्या रंगमंचावर परतली. पुढे बर्लिनने आणि लंडनने तिला डोक्यावर घेतलं. याच गार्सियाने छोट्या आरशांच्या मदतीने स्वतःचे स्वरतंतू पाहिले आणि ते निरीक्षण १८५५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं.

दुसऱ्यांदा ती थांबली ती स्वतःच्या मर्जीने. १८४९ मध्ये, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ऐन भरात असताना तिने ऑपेरा सोडला. मैफली मात्र चालू ठेवल्या. बार्नम या अमेरिकन व्यावसायिकाने तिचं गाणं न ऐकताच दीडशे मैफलींचा करार केला, रात्रीला हजार डॉलर! १८५०च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कला पहिली मैफल झाली आणि तिचा त्यातला वाटा तिथल्याच धर्मादाय संस्थांना गेला. दौऱ्यातल्या पैशांतून तिला स्वीडनमध्ये गरीब मुलांसाठी शाळा उभ्या करायच्या होत्या.

आपण शिक्षक मुलांविषयी निकाल फार लवकर देतो. एखादी मुलगी वाचताना अडखळली, की 'हिला नाही जमणार' हे वाक्य स्टाफरूममध्ये सहज बोललं जातं. आणि घरी तिच्या लग्नाची बोलणी सुरू व्हायला एवढं निमित्त पुरतं. गार्सियानेही कडवट सत्यच सांगितलं, पण त्याला मुदत जोडली आणि 'परत ये' म्हटलं. सब्र फक्त शागिर्दाने करायचा नसतो, उस्तादानेही करायचा असतो.

१८८३ मध्ये लंडनचं रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक सुरू झालं, तेव्हा साठी ओलांडलेली जेनी तिथे गायन शिकवायला उभी राहिली. १८८७ मध्ये ती गेली. तिचा आवाज आज आपल्याला ऐकता येत नाही. पण पॅरिसच्या त्या खामोशीत ती जे शिकली, ते तिच्या विद्यार्थिनींपर्यंत नक्कीच पोचलं असेल.