तारोडीचा चढ आणि विसाव्याचा दिवस

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणारा रस्ता खाजणे आणि मिठागरे मागे टाकीत टेकड्यांच्या आश्रयाला येतो. पुढे डोंगरी, तारोडी आणि मग गोराई. महानगरपालिकेच्या हद्दीत असूनही या पट्ट्याने आपले गावपण सोडलेले नाही. झाडी आणि समुद्राचा वारा चालणाऱ्या ज्येष्ठांना मोहात पाडतो. आज आलो तसे उद्याही यावे, असे वाटते. विचार करायला हवा तो इथेच.

चढताना दम लागतो, म्हणून चढ अवघड वाटतो. स्नायूंची खरी परीक्षा मात्र उतारावर असते. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात आणि त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. तिचे दुखणे एक ते तीन दिवसांनी जाणवते. उतारवयात गाढ झोप कमी होते, आहारातील प्रथिनांना स्नायू पूर्वीइतका प्रतिसाद देत नाहीत; म्हणून ही झीज भरून यायला अधिक अवधी लागतो. व्यायाम स्नायूला हाक देतो; बळ येते ते नंतरच्या विसाव्यात.

सचिन तेंडुलकर यांच्या कोपरावर 2005 मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि त्यांना काही महिने मैदानाबाहेर राहावे लागले. पुढे ते आंतरराष्ट्रीय ट्वेंटी-20 सामन्यांपासून दूर राहिले. 24 फेब्रुवारी 2010 रोजी, वयाच्या 36व्या वर्षी, त्यांनी ग्वाल्हेरला एकदिवसीय सामन्यात द्विशतक झळकावले. त्याचे श्रेय एकट्या विश्रांतीला देता येणार नाही. पण वाढत्या वयात शक्ती कोठे खर्चावी, याचा विवेक त्यात दिसतो.

विश्रांती म्हणजे अंथरूण धरणे नव्हे. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात उत्तनच्या होड्या किनाऱ्यावर असतात, पण जाळ्यांची आणि होड्यांची डागडुजी चालूच असते. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांना 10 दिवस अंथरुणात ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतील सुमारे 1 किलो स्नायुभार घटला होता.

तेव्हा टेकडीची फेरी आठवड्यातून दोनदा पुरे. मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत. त्या दिवसांत सपाटीवर सावकाश चालावे, आधार धरून तोल सांभाळण्याचा सराव करावा. जेवणात डाळ, दूध, अंडी किंवा मासे असावेत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. दुखणे तीन दिवसांनंतरही टिकले, सकाळची नाडी नेहमीपेक्षा जलद लागली किंवा झोप उडाली, तर पुढची फेरी लांबणीवर टाकावी. छातीत दुखले, भोवळ आली किंवा नेहमीपेक्षा अधिक धाप लागली, तर तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी.

घरच्यांनी ‘आता या वयात बसून राहा’ असे म्हणू नये आणि ‘काल जमले, मग आज का नाही?’ असेही विचारू नये. ‘पाय आज कसे आहेत?’ एवढे विचारावे आणि मिळालेल्या उत्तराचा मान राखावा.