दाण्यापलीकडचे पक्षी

कोल्हापूरला येणारी जैन कुटुंबे बहुधा तीन निमित्तांनी येतात. कुणी गुजरीत लग्नाचे दागिने पाहण्यास, कुणी शाहूपुरीत गुळाच्या व्यवहारासाठी, तर कुणी कुंभोजच्या बाहुबलींच्या दर्शनास. कामे उरकली की सायंकाळी रंकाळ्यावर फेरी होते, कांदा वगळून भेळ सांगितली जाते आणि दिवेलागणीला मंडळी परततात. रंकाळा पाहिल्याचे समाधान होते खरे. परंतु त्या वेळी रंकाळ्याचे खरे रहिवासी निजावयास गेलेले असतात.

त्यांना भेटण्याची वेळ पहाटेची. सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास पक्षी सर्वाधिक हालचाल करतात, कारण रात्रभराच्या उपवासानंतर त्यांना अन्न शोधायचे असते. नवकारसीचे पच्चक्खाण करणाऱ्या श्रावकाला ही वेळ जणू मुद्दाम राखून ठेवलेली आहे. सूर्योदयानंतरची अठ्ठेचाळीस मिनिटे मुखात काही घालायचे नसते. तेवढ्यात तलावाच्या एका बाजूचे पक्षी निवांत पाहून होतात. चौविहार पाळणाऱ्याचे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपते, त्यामुळे पक्षी थव्याथव्यांनी रातथाऱ्याला परततात ती घटकाही मोकळी मिळते. पक्षिनिरीक्षणाच्या इंग्रजी पुस्तकांत दुर्बिणीपासून बुटांपर्यंत सर्व सूचना असतात. ही सोय मात्र आपल्या आचारातच आहे.

रंकाळ्याचे नाव रंकभैरवावरून पडले असे परंपरा सांगते. शालिनी पॅलेसच्या बाजूने तलावाकडे पाहिले की हिवाळ्यात काळ्या अंगाचे, कपाळावर पांढरा टिळा असलेले पक्षी पोहताना दिसतात. मराठीत याचे नाव वारकरी. उडण्यापूर्वी तो पाण्यावर पाय आपटत बराच अंतर धावतो, तेव्हा कुठे त्याचे जड शरीर वर उचलले जाते. पाणकावळा बुडी मारून मासे पकडतो आणि मग खांबावर बसून पंख पसरतो. त्याच्या पिसांत पाणी मुरते, म्हणून ते वाळवावे लागते. पाणवनस्पती दाट असलेल्या तळ्यांत कमळपक्षी दिसण्याची शक्यता असते. त्याची बोटे इतकी लांब की तरंगत्या पानावर शरीराचा भार वाटला जातो आणि पान बुडत नाही. या जातीत मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते. अंडी उबवणे आणि पिल्ले सांभाळणे हे सारे बापाकडे.

मात्र आज रंकाळ्याचे पाणी वारकऱ्याला किती काळ पुरेल, ही चिंता रास्त आहे. सांडपाणी, जलपर्णी आणि शेवाळ यांनी या तलावाला वर्षानुवर्षे ग्रासले आहे. पाण्याचा पृष्ठभाग हिरवा झाला की बुडी मारणाऱ्या पक्ष्याला मासा दिसत नाही. शहराबाहेरच्या कळंबा तलावाकडे गेल्यास हा फरक डोळ्यांना चटकन जाणवतो.

येथे एक नाजूक विषय आला आहे, तो टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. पक्षी म्हटला की आपल्या समाजाच्या मनात पहिले चित्र दाण्यांचे येते. दुकान उघडण्यापूर्वी मूठभर ज्वारी टाकणे, घरात मंगल प्रसंग झाला की चबुतऱ्याला पोते देणे, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. मुंबईतील कबुतरखान्यांचा प्रश्न 2025 मध्ये रस्त्यावर आणि न्यायालयात गेला, तेव्हा अनेकांची मने दुखावली. तो वाद येथे पुन्हा मांडायचा नाही. पण पारव्याचे जीवशास्त्र समजून घेण्यास हरकत नसावी.

पारवा हा मुळात कड्याकपारींत राहणारा पक्षी. आपल्या इमारतींच्या खिडक्या आणि गॅलऱ्या त्याच्या लेखी कडेच. तो जवळजवळ बारा महिने वीण करू शकतो, कारण पिल्लांसाठी नर-मादी दोघांच्याही अन्नपिशवीत दुधासारखा स्राव तयार होतो. पिल्लांकरिता त्यांना अळ्यांचा हंगाम धरावा लागत नाही. त्यामुळे एका ठिकाणी बारमाही दाणा मिळाला की पारव्यांची संख्या वाढतच जाते. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची व पिसांची धूळ दीर्घकाळ श्वासात गेल्यास काहींना फुप्फुसांचा गंभीर विकार होतो, हे वैद्यकशास्त्राने सिद्ध केलेले आहे. याउलट चिमणी. ती आपल्या अंगणातली ज्वारी खाते, पण तिच्या पिल्लांना पहिले काही दिवस अळ्या आणि कीटकच लागतात. अंगणात दाणा भरपूर आणि झुडूप एकही नाही, अशा ठिकाणी चिमणी जेवून जाते. संसार मात्र मांडत नाही. खंड्या, धोबी, पाकोळी, तांबट, शिंजीर यांच्यापैकी कुणालाही आपल्या दाण्याचा उपयोग नाही.

दाण्याचे पुण्य सर्वत्र सारखेच फळते असे नाही, हे सांगताना उलट उदाहरणही सांगितले पाहिजे. राजस्थानात फलोदीजवळच्या खीचन गावी हिवाळ्यात हजारो कुरजा, म्हणजे क्रौंच जातीचे पक्षी, मध्य आशियाकडून येतात. तेथील जैन कुटुंबांनी अनेक दशके त्यांना नियमाने धान्य घातले. कुरजा मुळात धान्य वेचणारी, मोकळ्या माळावर राहणारी आणि हिवाळा संपला की निघून जाणारी. 2025 मध्ये खीचनच्या पाणथळीला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. कोणत्या पक्ष्याला, कोठे आणि किती काळ, हे जाणून केलेल्या दयेचे ते उदाहरण आहे. आमच्या वडीलधाऱ्यांपैकी पुष्कळजण मूळचे त्याच मरुभूमीतले, म्हणून हा दाखला अधिक जवळचा वाटतो.

क्रौंचावरून आठवले. पाचवे तीर्थंकर सुमतिनाथ यांचे लांछन श्वेतांबर परंपरेत क्रौंच, तर दिगंबर परंपरेत चकवा, म्हणजे चक्रवाक. केशरी अंगाचा हा बदक उन्हाळ्यात लडाख, तिबेट व मध्य आशियातील उंचावरच्या सरोवरांकाठी वीण करतो आणि हिवाळ्यात उजनी, जायकवाडीसारख्या जलाशयांवर उतरतो. रात्री ही जोडी विरहात एकमेकांना हाका मारते अशी कविकल्पना आहे. त्यातला विरह कवींचा. हाका मात्र खऱ्या आहेत, आणि नर-मादीची जोडी सहसा एकत्रच फिरते. मूर्तीच्या पीठावर कोरलेला पक्षी पाण्यावर जिवंत तरंगताना पाहणे, हा अनुभव लहान मुलांना अवश्य द्यावा.

कोल्हापूरहून हातकणंगले तालुक्यातील बाहुबलीकडे जाताना दुतर्फा ऊस लागतो. दिवाळीच्या सुमारास गुऱ्हाळे पेटू लागतात आणि त्याच दिवसांत उत्तरेकडचे पाहुणे पक्षी पोहोचू लागतात. चातुर्मास संपून साधू-साध्वींचा विहार सुरू होण्याचाही तोच काळ. नांगरटीमागे गायबगळे चालतात, कारण फाळाने उलटलेल्या मातीतून किडे वर येतात. तोडणीनंतर पाचट पेटवले की आकाशात घारी जमतात. धुराने बाहेर पडणाऱ्या टोळांवर आणि उंदरांवर त्यांची नजर असते. हे दृश्य पाहणाऱ्या जैन मनाला कठीण वाटते. पाचट न जाळता ते जमिनीत कुजवणारे शेतकरी आता या भागात आहेत. ज्यांची शेती आहे अशा आपल्या कुटुंबांना त्यातून जीवरक्षा आणि खत दोन्ही मिळतील.

विहिरींच्या काठच्या बाभळींवर पावसाळ्यात सुगरणींची घरटी लोंबतात. नाव सुगरण असले तरी विणकर नर असतो. तो घरटे अर्धे विणून थांबतो. मादी येते, आत शिरून पाहते. पसंत पडले तर राहते, नाहीतर दुसऱ्याकडे जाते. पसंती मिळाली की नर उरलेले काम पूर्ण करतो आणि शेजारी नवे घरटे विणायला घेऊन दुसऱ्या मादीची वाट पाहतो. माल अर्धा तयार ठेवून ग्राहकाच्या होकारावर पुरा करणे ही पद्धत आपल्या व्यापाऱ्यांना नवी वाटणार नाही. डॉ. सालिम अली यांनी कोकणात किहीम येथे या पक्ष्याचे हे वर्तन बारकाईने अभ्यासले होते.

बाहुबलीच्या पायथ्याशी अठ्ठावीस फुटी मूर्तीसमोर उभे राहिल्यावर पक्षिनिरीक्षकाला एक गोष्ट सुचल्यावाचून राहत नाही. कायोत्सर्गात उभ्या बाहुबलींच्या अंगावर वेली चढल्या, इतके ते स्थिर होते. पक्ष्यांना भय वाटते ते हालचालीचे. पंधरा मिनिटे झाडाखाली अंग न हलवता उभे राहिले की टिटवीची आरडाओरड थांबते आणि ती आपल्या जमिनीवरच्या अंड्यांकडे परत जाते. तेवढी वाट पाहण्याची तयारी नसेल तर छायाचित्राच्या मोहाने घरट्याजवळ जाऊ नये. ऊन तापले असता अंडी उघडी राहिली तर त्यातला जीव तासाभरातही संपू शकतो.

दिगंबर मुनींची पिच्छी मोरपिसांची असते आणि ती मोराने आपोआप टाकलेल्या पिसांचीच असावी लागते. मोराचा पिसारा विणीच्या हंगामासाठी असतो. पावसाळा सरत आला की पिसे गळू लागतात आणि पुढे नवी येतात. चातुर्मासाच्या अखेरीस पिच्छी-परिवर्तनाचा विधी होतो, तो या निसर्गक्रमाशी किती नेमका जुळतो! मोरपीस वजनाला हलके, मऊ, धूळ न धरणारे. सूक्ष्म जीवाला इजा न करता बाजूला सारण्यास त्याहून योग्य साधन नाही. बाजारात ढिगाने मिळणारी पिसे सगळीच गळालेली असतात का, हा प्रश्न विक्रेत्याला विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. माझ्या मते ते कर्तव्यही आहे.

तत्त्वार्थसूत्रकार उमास्वामींना गृध्रपिच्छ असेही म्हणतात. मोरपिच्छी नसताना त्यांनी गिधाडाची पिसे वापरली अशी आख्यायिका आहे. ते गिधाड आज शोधून सापडत नाही. 1990 नंतरच्या दशकात भारतातील गिधाडांच्या तीन जाती नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्या. कारण 2004 मध्ये उघड झाले: गुराढोरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. ते अंगात असलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. 2006 मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, 2023 मध्ये ॲसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन यांवरही. पांजरपोळ आणि गोशाळा चालवणारा समाज प्रामुख्याने आपला; वृद्ध, आजारी गुरे सर्वाधिक तेथेच असतात. तेथील विश्वस्तांनी पशुवैद्यांना एकच विचारावे, की मेलॉक्सिकॅम वापरता ना? ते औषध गिधाडांना सुरक्षित आहे. गाईवरील उपकार दुसऱ्या जिवाच्या नाशाला कारण ठरू नये, एवढी दक्षता एका चिठ्ठीने साधते. दिल्लीच्या लाल मंदिरातील जैन पक्षी रुग्णालयात मांसाहारी पक्ष्यांवर उपचार होतात, पण त्यांना शाकाहारी पक्ष्यांसोबत दाखल करून ठेवत नाहीत. गिधाडासाठी रुग्णालयाची गरजच नाही. औषधाची बाटली बदलली की पुरे.

दाजीपूरचे अरण्य कोल्हापूरहून सुमारे ऐंशी किलोमीटर. राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या राधानगरी धरणाच्या परिसरातील हे अभयारण्य 1958 पासूनचे, महाराष्ट्रातील पहिले. 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचा समावेश झाला. येथे गवा पाहण्यासाठी गर्दी होते. आपण मात्र एखाद्या फळलेल्या उंबराखाली थांबावे.

वड, पिंपळ, उंबर, पाकर आणि अंजीर या वर्गातील पाच उदुंबर फळांचा त्याग श्रावकाच्या मूलाचारात सांगितला आहे, कारण त्यांच्या आत त्रस जीव असतात. वनस्पतिशास्त्रही तेच सांगते: प्रत्येक जातीच्या उंबरवर्गीय फळात विशिष्ट सूक्ष्म गांधीलमाशी वाढते आणि तिच्यावाचून त्या झाडाचे परागीभवन होत नाही. आपण सोडलेली ही फळे अरण्यात सर्वांचे अन्नछत्र असतात. इतर झाडे ओकीबोकी असताना कोणते ना कोणते उंबर फळलेले सापडते. तांबट, हरियाल (आपल्या राज्याचा पक्षी), बुलबुल आणि धनेश तेथे जमतात. शहरातही तांबटाची टुकटुक ऐकू येते ती जुन्या वडा-पिंपळांमुळे. चबुतऱ्याच्या खर्चात दरवर्षी दोन उंबरांची रोपे जगवली, तर दाणा न खाणाऱ्यांचीही सोय होईल.

मलबारी धनेशाची मादी उन्हाळ्याच्या तोंडाशी झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठेने दार लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट उरते. त्यानंतर कित्येक आठवडे ती आणि पुढे तिची पिल्ले नराने आणलेल्या अन्नावर जगतात. नर घशात फळे साठवून आणतो आणि एकेक वर काढून फटीतून देतो. आत घाण साचू न देण्याची काळजी मादी घेते. बिया बाहेर टाकल्या जातात. त्यामुळे ढोलीखालच्या जमिनीवर पावसाच्या पहिल्या सरीनंतर अनेक जातींची रोपे उगवलेली दिसतात, आणि जंगलातले अनुभवी वाटाडे ढोलीकडे वर न पाहता, ती रोपे पाहूनच घरटे ओळखतात.