कासुर्डी, किलोमीटर चाळीस

सोलापूर रोडवर सहसा कुणी कासुर्डीला थांबत नाही. पण चाकातून गुणगुण यायला लागली, की हेच गाव एकदम महत्त्वाचं होऊन बसतं!

वीकेंडला कुठे जायचं, याची पुणेकरांची उत्तरं ठरलेली. लोणावळा, मुळशी, पानशेत आणि सुट्टी जोडून आली तर महाबळेश्वर. पूर्वेकडे, सोलापूर रोडला ‘फिरायला’ म्हणून कोण जातंय? तिकडे जायचं ते लग्नाला, पंढरपूरला, नाहीतर गावी. हडपसरचं ट्रॅफिक पार केलं, लोणी काळभोर मागे पडलं, उरुळी कांचन गेलं, की गाडीला वेग येतो. त्या वेगातच कासुर्डी निघून जातं.

जुन्या प्रवाशांना हे नाव टोलनाक्यामुळे माहीत. कवडीपाट ते कासुर्डी हा रस्ता चौपदरी झाला आणि दोन्ही टोकांना नाके बसले. सुट्ट्या पैशांवरून इथे झालेली भांडणं अनेकांच्या आठवणीत असतील. २०१९मध्ये इथली टोलवसुली थांबली. थांबायचं ते एक कारणही गेलं.

आम्ही मात्र थांबलो. आम्ही म्हणजे मी, माझा एक मित्र आणि त्याची २००४ सालची छोटी हॅचबॅक.

ही ट्रिप म्हणजे गाडीची परीक्षा होती. गाडी मित्राच्या वडिलांची. ते गेल्यावर तीन पावसाळे ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी. पंधरा वर्षांनंतरचं रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण झालेलं, पण चालवायला कुणी नाही. मित्राच्या डोक्यात तिला भंगारात द्यायचा विचार. आईचं म्हणणं, सोलापूरच्या लग्नाला जायचं तर याच गाडीनं. आईला मागे बसवून अडीचशे किलोमीटर जायचं, म्हणजे गाडीवर विश्वास हवा. म्हणून रविवारी सकाळी ट्रायल!

आवाज ओळखा पाहू!

साठच्या पुढे काटा गेला की मागून ‘गुंईऽऽ’. वेग वाढला की आवाज वाढतो, क्लच दाबून गाडी नुसती सोडली तरी येतोच. म्हणजे इंजिनचा नाही. टायरचा म्हणावा, तर रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की टायरचा आवाजही बदलतो. इथे डांबरीवरही तोच सूर, काँक्रीटवरही तोच. गाडी डावीकडे वळताना तो सूर अजून चढायचा. वळणावर गाडीचा भार बाहेरच्या चाकांवर जातो, म्हणजे संशय उजव्या बाजूवर.

कासुर्डीच्या शिवारात हायवेलगत पत्र्याच्या शेडमधलं एक गॅरेज दिसलं. बाहेर टायरची उतरंड, आत ट्रॅक्टरचं उघडलेलं पोट. मेस्त्रींनी प्रश्न एकच विचारला, ‘‘कवापासनं वाजतंय?’’ मित्र म्हणाला, रेडिओ लावला की फारसं जाणवत नाही. त्यावर मेस्त्री शांतपणे म्हणाले, ‘‘रेडिओ लावून बेअरिंग बरं होतं व्हय?’’

मग ते मागच्या सीटवर बसले आणि एक चक्कर मारून आले. पुढच्या चाकांना दगड लावले, गाडी गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक सोडला. जॅकनं मागचा उजवा कोपरा उचलून खाली स्टँड दिला. ‘‘जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा न्हाई,’’ हे हाताखालच्या पोराला सांगितलेलं वाक्य आम्हीही पाठ केलं. चाक वर-खाली धरून हलवलं, तर ‘टक टक’ खेळ. दुसरा हात स्प्रिंगवर ठेवून चाक फिरवलं, तर तळहाताला खरखर लागली. निदान पक्कं!

चाकाच्या पोटात काय असतं?

बेअरिंग म्हणजे दोन पोलादी कड्या आणि त्यांच्यामध्ये गुळगुळीत गोळ्या. बाहेरची कडी चाकाबरोबर फिरते, आतली आसावर घट्ट बसते. घासण्याऐवजी गोळ्या घरंगळतात, एवढीच आयडिया. ती पेटंटच्या कागदावर यायला मात्र माणसाला १७९४ साल उजाडलं. वेल्समधल्या फिलिप व्हॉन यांनी तेव्हा गाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. स्वीडनमधल्या एका कापड गिरणीत जमीन खचून शाफ्ट वाकडे व्हायचे आणि बेअरिंग जायची. त्या वैतागातून तिथले इंजिनीअर स्वेन विंगक्विस्ट यांनी १९०७मध्ये नवं बेअरिंग काढलं आणि एसकेएफ कंपनी उभी राहिली. तिचा कारखाना आपल्या चिंचवडमध्ये १९६०च्या दशकापासून आहे. आपल्यापैकी किती जण त्यावरून रोज ऑफिसला जातात!

या पट्ट्याला चाकाचं शास्त्र नवीन नाही. खडकवासल्याचं पाणी नव्या मुठा उजव्या कालव्यानं दौंडकडे येतं, म्हणून इथे ऊस. ऊस आहे म्हणून गुऱ्हाळं, आणि पाटसचा भीमा सहकारी साखर कारखाना. ऊस वाहायला पूर्वी लाकडी चाकाची बैलगाडी असायची. तिच्या आसाला वंगण घातलं नाही, तर ती करकरून अख्ख्या गावाला सांगायची. पुढे टायरगाडी आली, तिच्या चाकात बेअरिंग बसलं, आणि बैलांचा दम वाचला.

पोरगं बाइकवर उरुळीला जाऊन सामान घेऊन येईपर्यंत पाऊण तास गेला. समोरच्या टपरीवर चहा झाला. हाच रस्ता तुकोबांच्या पालखीचा. लोणी काळभोरचा मुक्काम उरकून पालखी इथूनच यवतला जाते आणि तिथे वारकऱ्यांना पिठलं-भाकरीचं जेवण असतं. चालणाऱ्यांच्या पायांना तेल चोळलं जातं, गाड्यांच्या चाकांना ग्रीस. रस्ता दोघांचीही काळजी घेतो.

गुन्हेगार कोण?

ड्रम निघाला. जुन्या बेअरिंगमधलं ग्रीस गंजाच्या रंगाचं झालेलं. पुसून उन्हात धरलं, तर कडीच्या आतल्या वाटेवर बारीक खळगे. मित्रानं लगेच निकाल दिला, ‘‘गाडी जुनी झाली, दुसरं काय!’’

मेस्त्रींनी मान हलवली. ‘‘जुनी म्हणून न्हाई गेलं. सील फाटलं, पाणी शिरलं, आन् गाडी एका जागी उभी ऱ्हायली. फिरती असती तर एवढं खाल्लं नसतं.’’

मित्र गप्प झाला. तीन पावसाळे कव्हर न काढण्याची कारणं त्याच्याकडे होती, पण ती मेस्त्रींना सांगण्यासारखी नव्हती.

मग खरं कौशल्य बघायला मिळालं. हब डिझेलनं धुऊन लख्ख पुसला. नवं बेअरिंग ड्रममध्ये बसवताना ठोका फक्त बाहेरच्या कडीवर. त्यासाठी जुनीच कडी वर ठेवून तिच्यावर हलके, सगळीकडून सारखे ठोके. आतल्या कडीवर एक जरी जोराचा घाव बसला, तरी तो गोळ्यांमधून जातो, वाटेवर खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग महिन्याभरात गाऊ लागतं. त्या चाकाची आतली-बाहेरची दोन्ही बेअरिंग बदलली. मधला स्पेसर विसरला नाही. ऑइल सील नवं, स्प्लिट पिनही नवी. ग्रीस गोळ्यांमध्ये दाबून भरलं, पण हब ठासून भरला नाही. जास्त ग्रीस तापतं. शेवटी नट टॉर्क पान्यानं आवळला.

सगळं मिळून बिल झालं चौघांच्या शनिवारच्या डिनरपेक्षा कमी. पैसे घेताना मेस्त्री म्हणाले, ‘‘धा किलोमीटर जावा, थांबा, दोन्ही चाकांच्या मधोमध हात लावून बघा. एकच तापलं आसंल तर माघारी या.’’

आम्ही यवतच्या पुढे जाऊन थांबलो. दोन्ही चाकं सारखीच कोमट. मित्रानं आईला फोन लावला आणि विचारलं, ‘‘लग्न कितीचं आहे?’’

जाणार असाल तर...

* कासुर्डी पुण्यापासून साधारण ४० किलोमीटरवर, उरुळी कांचन आणि यवतच्या मध्ये. 
* उरुळी कांचनला महात्मा गांधींनी १९४६मध्ये सुरू केलेला निसर्गोपचार आश्रम आहे. 
* यवतहून फाटा फुटतो तो भुलेश्वरला. यादवकालीन मंदिरातलं कोरीवकाम चुकवू नका. 
* मागच्या चाकाचं काम चांगल्या मेस्त्रीकडे हायवेवर होऊ शकतं. पुढच्या चाकाचं बेअरिंग बहुतेक गाड्यांत प्रेसवर बसवावं लागतं, त्यासाठी वर्कशॉपच गाठा. 
* आवाजाबरोबर चाकात खेळ असेल किंवा हब चटका देत असेल, तर ‘घरी जाऊन बघू’ नको. चाक जाम होऊ शकतं. तिथेच थांबा, चहा घ्या आणि मेस्त्री शोधा!